देवा, याला दिसू दे

आत्याला गप्प करणारी जगात एकच वस्तू आहे आणि ती म्हणजे काच, असं तिचा नवरा गिऱ्हाइकांना सांगायचा. त्याचं केस कापायचं दुकान होतं, त्यामुळे तो जे बोले ते चार गल्ल्यांत पोचे. घरात, जिन्यात, दुकानाच्या बाकावर आत्याच्या तोंडाचा पट्टा सतत चालू. पण काच हातात आली की ती अशी गप्प होई, की बघणाऱ्याला वाटावं, हिचं कुणाशी बिनसलं की काय.

खरं तर ती आत्या एकाच माणसाची. तिच्या भावाची मुलगी, आत्या पुढे कामाला लागली त्या कार्यशाळेशेजारच्या इमारतीत बसून, सरोवरातून येणारे संकेत वाचायची. आत्याच्या कामाच्या पहिल्या दिवशी भाचीनं फाटकातूनच "आत्या, इकडून ये" अशी हाक मारली आणि त्या घटकेपासून ती सगळ्यांची आत्या झाली. फाटकावरचा पहारेकरी तिच्याहून वयानं चांगला मोठा, तोसुद्धा आत्याच म्हणायचा. सुरुवातीला तिला राग येई. मग अंगवळणी पडलं.

त्याआधी ती बाटल्यांच्या कारखान्यात होती. दिव्यासमोरून सरकत जाणाऱ्या बाटल्यांतून बुडबुडा राहिलेली, तडा गेलेली बाटली उचलून बाजूला काढायची, हे तिचं काम. पुढे सगळं प्लॅस्टिकचं झालं, कारखाना बंद पडला आणि आत्या घरी बसली. घरी बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. "आता ही माझ्या गिऱ्हाइकांचे भांग तपासणार," म्हणून नवऱ्यानं धसका घेतला. तेवढ्यात भाचीनं निरोप दिला, की आमच्याकडे काचेची सवय असलेले हात हवेत.

तिथल्या इंजिनीअर बाईंनी तिच्यापुढे काचेचा अर्धा गोळा ठेवला. मोठं कलिंगड मधोमध कापावं तेवढा, आणि बोटभर नसला तरी चांगलाच जाड. आत्यानं तो फिरवून पाहिला आणि विचारलं, यात भरायचं काय?

"अंधार," बाई म्हणाल्या.

थट्टा करतायत असं आत्याला वाटलं. पण बाई थट्टा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी खुर्ची ओढून तिला सगळं नीट सांगितलं. न्यूट्रिनो नावाचे कण आकाशातून येतात आणि कशालाच अडत नाहीत. भिंत, डोंगर, आख्खी पृथ्वी, आपण बसलोय ते टेबल, सगळ्यांतून आरपार जातात. असंख्य कणांतला एखादाच कुठं तरी धडकतो. तो पाण्यात धडकला, तर क्षणभर निळसर उजेडाची एक रेघ उमटते. ती बघायला डोळे हवेत, आणि भोवती मिट्ट काळोख हवा. म्हणून हे गोळे. आत एक मोठा बल्ब बसवायचा, पण उलट्या स्वभावाचा. हा उजेड देत नाही, घेतो. असे गोळे दोरखंडावर ओवून त्यांची माळ करायची आणि बोटीतून खोल सरोवरात सोडायची. गोळ्यांची तोंडं खाली, म्हणजे वरून पडणारा गाळ डोळ्यांत जात नाही, आणि पृथ्वीच्या पोटातून वर येणारा कणही दिसतो.

आत्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे डोळेच की हे."

तेव्हापासून कार्यशाळेत कुणी गोळा म्हणेना. डोळा हाच शब्द रूढ झाला.

तिचं काम डोळा मिटायचं. खालच्या अर्ध्या काचेत पारदर्शक जेल ओतलेली असे, त्यात तो बल्ब रुतवून बसवलेला. आत्या वरच्या अर्ध्याची कड स्पिरिटनं पुसायची, ओलावा शोषणारी पुडी आत टाकायची आणि वरचा अर्धा अलगद टेकवायची. मग पंप आतली हवा ओढून घेई, आणि बाहेरच्या हवेच्या दाबानं दोन्ही अर्धे असे चिकटत, की पैलवानालाही सुटू नयेत. शेवटी शेजारच्या टेबलावरचा गडी सांध्यावर रुंद चिकटपट्टी गुंडाळायचा. त्यालाही सगळे चिकटपट्टीच म्हणत. कामामुळे म्हणत, आणि एकदा बोलायला लागला की समोरच्याला सोडायचा नाही म्हणूनही म्हणत. आत्यापुढे मात्र त्याची डाळ शिजत नसे.

मिटताना तोंडावर मास्क आणि बोलणं बंद, असा तिथला नियम होता. आत्या नियमाची पक्की. फक्त एका वाक्यापुरती नव्हती. वरचा अर्धा टेकवायच्या आधी ती कोपरानं मास्क जरासा खाली सारायची आणि पुटपुटायची, "देवा, याला दिसू दे."

त्या वाक्याला मागचा आधार होता. तिच्या आईची दृष्टी जात चालली होती, तेव्हा शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसून आत्यानं हेच म्हटलं होतं. पट्टी निघाली, तेव्हा आईनं आधी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "किती वाळलीस गं." त्या दिवसापासून डोळा आणि हे वाक्य तिच्या मनात एकत्र बांधलेले. आपण मिटलेला डोळा पाण्याखाली जाणार, तिथं कुणी त्याची विचारपूस करणार नाही. निदान निरोप देताना दोन शब्द नकोत?

आणि मग एक माळ आंधळी निघाली.

हंगामातली शेवटची माळ होती. तिच्यातला प्रत्येक डोळा आत्यानं मिटलेला. माळ सोडली, बोट परतली, आणि त्यानंतर वाऱ्याचे महिने लागले. त्या दिवसांत सरोवरावर बोट नेणं म्हणजे जिवाशी खेळ. प्रत्येक माळेच्या पायथ्याशी वर तोंड केलेला एक दिवा असतो. तो लावायचा आणि वरच्या डोळ्यांना किती दिसतं ते बघायचं, ही त्यांची चाचणी. बाकीच्या माळा लख्ख सांगत होत्या. हीच अंधुक. दिवा वीज बरोबर घेत होता, त्यामुळे दिव्याचा संशय कुणाला आला नाही. शेजारच्या माळेच्या दिव्याचा उजेड इथवर पोचत नव्हता. राहता राहिले डोळे.

इंजिनीअर बाई एकेका टेबलाशी येऊन विचारून गेल्या. जेल नवी होती का, पुड्या कोरड्या होत्या का, पंप किती वेळ चालला. आत्याच्या टेबलाशी आल्यावर मात्र त्यांनी खुर्ची ओढली. बाईंच्या खोलीला काचेची भिंत होती आणि तिच्यातून आत्याचं टेबल सरळ दिसायचं.

"आत्या, डोळा मिटताना तुम्ही काय बोलता?"

"देवाला सांगते, याला दिसू दे."

"मास्क खाली करून?"

"तोंड झाकून कसं बोलायचं, बाई? मोठ्या माणसापुढं आपण तोंडावरचं काढतोच की."

बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. टेबलावरची एक पुडी उचलून म्हणाल्या, "श्वासात वाफ असते, आत्या."

पुढचं न सांगताही कळण्यासारखं होतं. वाफ आत कोंडली गेली असेल, सरोवराच्या गारठ्यात ती काचेवर धरली असेल, तर डोळ्यावर कायमचं धुकं. फोडून बघावं, तर फोडताना बाहेरची हवा आत शिरणार, मग समजणार काय? आणि मिटलेला डोळा परत उघडत नाही. जेल एकदा धरली की धरली. रॅकवर पुढच्या हंगामासाठी मिटून ठेवलेले डोळे ओळीनं बसले होते, सगळ्या कार्यशाळेची वर्षाची मेहनत. त्यांच्यावरही आत्याचंच वाक्य पडलेलं. दोष ओलाव्याचा ठरला, तर ते सगळे फोडून टाकावे लागणार होते, आणि बोट निघायच्या दिवसांत रिकामी उभी राहणार होती. बाई म्हणाल्या, वारा पडेपर्यंत थांबू. तोवर आत्यानं धुण्याच्या बाजूला काम करावं.

धुण्याची बाजू म्हणजे स्टीलची मोठी मोरी आणि कोमट पाण्याचा नळ. तिथं काचा यायच्या त्या कोऱ्या, अजून डोळा न झालेल्या. आत्या मुकाट्यानं धूत राही. चिकटपट्टीनं एकदोनदा येऊन सांगितलं, की आत्या, तुम्ही गेल्यापासून माझ्या बोलण्याला आळा घालायला कुणी नाही, तुम्ही या बघू परत. ती हसली, पण उलटून बोलली नाही. तेव्हा त्याच्याही लक्षात आलं, की मामला गंभीर आहे.

घरी जेवताना नवऱ्यानं आपल्या परीनं समजूत घातली. "एका फुंकरीनं काच आंधळी होत असती, तर माझे आरसे कधीच गेले असते. दिवसभर माणसं तोंडं पुढं करून बसतात."

"आरसा पुसता येतो," आत्या म्हणाली.

तो ताट घेऊन उठला आणि तिचंही ताट घासून ठेवलं.

नोकरीची भीती तिला फारशी नव्हती. बाई तिला धुण्यावर ठेवून घेतील, हे तिला ठाऊक होतं. तिला आतून कुरतडत होतं ते वेगळंच. दिसू दे म्हणून ज्या तोंडानं मागितलं, त्याच तोंडाच्या वाफेनं ते आंधळे झाले असतील तर? मग आता कोणत्या तोंडानं मागायचं, आणि काय? सकाळी दिवा लावून ती हात जोडून उभी राही आणि तशीच परत फिरे. आयुष्यात पहिल्यांदाच देवाशी तिचं बोलणं बंद पडलं होतं. भांडण नव्हतं. फक्त ओशाळल्यासारखं झालं होतं.

भाची अधूनमधून दुकानात डोकावून जाई. एकदा तिनं सांगितलं, की खात्री करून घ्यायचा एक रस्ता आहे, पण तो आपल्या हातात नाही. एखादा खूप जोराचा न्यूट्रिनो त्या माळेजवळून गेला पाहिजे. त्याच्या उजेडाची रेघ लांबलचक असते, बऱ्याच माळांना एकदम दिसते. मग कुणाला किती दिसलं ते ताडून बघता येईल. पण असे क्वचितच येतात, आणि त्यांना बोलावता येत नाही.

"म्हणजे वाट बघायची," आत्या म्हणाली.

"वाट बघायची."

वारा अजून पडायचा होता, तेव्हाची एक दुपार. आत्याची पाळी सकाळची होती. ती दुकानात बाकावर बसून धुतलेले टॉवेल घड्या घालत होती, आणि नवऱ्यानं एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला नुकताच फेस लावला होता. भाची दारातून आली ती जवळजवळ पळतच. एका पायात चप्पल, दुसरी उंबऱ्याशी राहिलेली.

"आतोबा, जरा फेस द्या," ती म्हणाली.

आतोबांना वाटलं, पोरगी दमलीय, पाणी म्हणायचं ते फेस म्हणतेय. पण तिनं वाडग्यातला फेस स्वतःच उचलला आणि आरशावर त्याचा एक गोळा थापला. शेल्फवरचं पावडरच्या डब्याचं काळं झाकण घेतलं आणि ते आरशाला टेकवून धरलं.

"आत्या, हा तारा. आपल्या सूर्यासारखा समज. आणि हे कृष्णविवर. आकारानं लहान, पण वजन लाखो सूर्यांचं. तारा फिरता फिरता याच्या फार जवळ गेला. जवळच्या अंगाला ओढ जास्त, लांबच्या अंगाला कमी. काय होईल?"

"फाटंल," गिऱ्हाईक फेसाआडून म्हणालं.

"फाटला." तिनं बोटानं फेस ओढला. गोळ्याची लांबट वळी झाली, मग तिचे दोन तुकडे. एक तुकडा तिनं आरशाच्या कडेपर्यंत उधळून टाकला. "साधारण अर्धा तारा असा सुटून लांब गेला. उरलेला अर्धा याच्याभोवती फिरत राहिला. स्वतःलाच घासून घासून तापला, आणि महिनेच्या महिने चमकत राहिला. ही चमक दुर्बिणीवाल्यांना गेल्या वर्षीच दिसली होती. तिथं त्या धुमश्चक्रीत काही कण भयंकर वेगानं फेकले जातात, कशाकशावर आपटतात, आणि त्यातून न्यूट्रिनो निघतात. आत्या, त्यातला एक आपल्या सरोवरात आला."

आत्याच्या हातातली घडी तशीच राहिली. "तिथलाच कशावरून?"

"शपथ घेऊन नाही सांगता येणार. पण कण ज्या दिशेनं आला, त्या दिशेला सगळ्यांनी दुर्बिणी वळवल्या, आणि तिथं हाच तारा. त्या बाजूला एवढं मोठं घडलेलं दुसरं काही सापडत नाही. कुणीही शंभर टक्के म्हणत नाहीय, पण सगळे नाचतायत."

"तुमचं नाचणं राहू दे," आत्या म्हणाली. "माझ्या माळेचं काय?"

भाचीनं फोन पुढं केला. काळ्या पाटीवर उभ्या रांगांनी ठिपके होते. ज्या डोळ्याला जास्त दिसलं त्याचा ठिपका मोठा. मोठे ठिपके खालून वर तिरके चढत गेले होते, कुणी ओल्या बोटांनी जिना चढून गेल्यासारखे.

"हा त्याचा रस्ता. आणि ही तुझी माळ. तो अगदी तिच्या अंगाला खेटून गेला. मोजून बघितलं आम्ही, बाईंनी स्वतः दोनदा मोजलं. शेजारच्या माळांना जेवढं दिसायला हवं तेवढं दिसलं, आणि तुझ्या माळेलाही. तिळभर कमी नाही. तुझे डोळे ठणठणीत आहेत, आत्या. बाई म्हणतायत, आंधळा असेल तर दिवा. माळेचं वजन तळाला टेकलं तेव्हा गाळ उडाला असणार. डोळ्यांची तोंडं खाली, दिव्याचं वर. बसला असेल सगळा दिव्यावर."

आत्यानं हातातला टॉवेल घडी घालून बाजूला ठेवला, मग परत उचलला, उलगडला आणि त्यात तोंड लपवलं. खांदे हलत होते. रडतेय की हसतेय, ते नवऱ्यालाही समजेना. तो वस्तरा हातात धरून नुसता उभा.

"माझा फेस वाळतोय," गिऱ्हाईक म्हणालं.

"अर्धा तारा फाटून गेला तिथं," नवरा म्हणाला, "तू घटकाभर थांबलास तर काही बिघडत नाही."

तोंड वर केल्यावर आत्यानं पहिली गोष्ट विचारली ती अशी, की त्या ताऱ्याभोवती कुणी राहत होतं का गं? भाची म्हणाली, कुणास ठाऊक, फार जुनी गोष्ट आहे, कित्येक कोटी वर्षांपूर्वीची, तिचा उजेड आपल्यापर्यंत आत्ता पोचतोय. आत्या आरशावरच्या त्या ओघळत्या फेसाकडे बघत राहिली. आपल्या जिवात जीव आला तो तिकडे कुणी तरी फाटल्यावर, हे तिच्या मनाला जरा टोचलं. आणि दुसरं असं, की हा कण निघाला तेव्हा ती नव्हती, तिची आई नव्हती, सरोवर तरी होतं का कुणास ठाऊक. म्हणजे तिनं मागायच्या कितीतरी आधीच तो वाटेला लागला होता. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. ओला फडका घेऊन आरसा पुसला, काळं झाकण डब्याला लावलं.

घरी जाताना मात्र तोंडाचा पट्टा सुरू झाला. भाजीवाल्याला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलं, फाटक्या ताऱ्याची गोष्ट जिन्यात दोनदा झाली आणि दुसऱ्यांदा तारा पहिल्यापेक्षा मोठा झाला होता. नवरा दुकान बंद करून आला, तेव्हा ती देवाच्या दिव्यापुढे उभी होती. फार काही मागणं चाललं नव्हतं. "बरं झालं रे बाबा," एवढंच त्याला ऐकू आलं, आणि मग जरा थांबून, "त्यांनाही सांभाळ, कुणी असतील तर."

वारा पडल्यावर पहिल्याच फेरीत बोटीतून कॅमेरा खाली सोडला. दिव्याच्या काचेवर गाळाची साय धरली होती, आतून उजेड लागतोय एवढं जेमतेम कळत होतं. वरचे डोळे खाली बघत स्वच्छ लटकले होते. आत्यानं तो फोटो पाहिला आणि म्हणाली, "बघा, आळ कुणावर आणि गाळ कुणावर." चिकटपट्टी म्हणाला, आता ही परत आली, आता माझं काही खरं नाही. रॅकवरचे डोळे खोक्यांत भरले गेले, एकही फुटला नाही.

बाईंनी तिला बोलावून घेतलं. एका श्वासाची वाफ ती पुडी पिऊन टाकते, हे त्यांनी आता हिशेब करून पाहिलं होतं. "पण उद्या सगळेच प्रार्थना म्हणायला लागले तर पुडी पुरायची नाही," त्या म्हणाल्या, आणि या खेपेला खरंच हसल्या. "मास्क खाली घ्यायचा नाही, आत्या. आतल्या आत म्हणा."

"आतल्या आत म्हटलेलं पोचतं का, बाई?"

"ते तुमचं खातं. मला काय विचारता?"

दुसऱ्या दिवशी आत्या आपल्या टेबलाशी परत उभी राहिली. कड पुसली, पुडी टाकली, वरचा अर्धा दोन्ही हातांत उचलला. मास्क नाकापर्यंत. ओठ घट्ट मिटलेले. चिकटपट्टीसुद्धा पट्टीचं टोक धरून गप्प उभा.

तेवढ्यात काचेच्या भिंतीवर टकटक झाली. आत्यानं मान वळवली. पलीकडे बाई उभ्या होत्या. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, म्हटलं का?

आत्यानं मान डोलावली. मग हातातली काच अलगद खाली टेकवली.